बटणाला बांधलेली चिंधी

काका, नमस्कार.

मी ३४ वर्षांचा. गोव्यात फर्मागुडीच्या आयटीआयमधून फिटर झालो. कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारखान्यात ११ वर्षं आहे, त्यातली ४ वर्षं शिफ्ट सुपरवायझर म्हणून. आम्ही सगळे मिळून १४० जण, त्यांतली ८० माणसं ठेकेदाराची. गेल्या महिन्यात पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र) ओडिशाच्या २२ वर्षांच्या मुलाची दोन बोटं गेली. दाबताना दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन हातांसाठी दोन बटणं आहेत, पण एक बटण चिंधीने बांधून ठेवलेलं होतं. शिफ्टला २,४०० नगांचं टार्गेट असतं.

मॅनेजरनी बोलावून सांगितलं, आजपासून सेफ्टी तुझ्याकडे, आपल्याला 'सेफ्टी कल्चर' तयार करायचं आहे. पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा आणि नव्या हेल्मेटसाठी पैसे मंजूर झालेत. ८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीमुळे होतात, असं ते म्हणतात. माणसं ऐकत नाहीत हे मलाही दिसतं. गेटवरच्या 'अपघाताविना दिवस' या फळ्यावरचा आकडा मात्र रोज वाढतोच आहे, कारण मुलाला रजेवर दाखवलंय. मला झोप लागत नाही. कल्चर तयार कसं करतात? आणि जास्त बोललो तर माझं काय होईल?

एक सुपरवायझर, कुंडई

*

तू काका म्हटलंस, म्हणून सरळ अरे-तुरेवर येतो.

'एक बटण चिंधीने बांधून ठेवलेलं होतं' असं तू लिहितोस. कुणी बांधलं ते लिहीत नाहीस, कधीपासून तेही नाही. ती चिंधी नवी होती की तेलाने काळी पडलेली? काळी असेल तर ती कित्येक महिने तिथेच होती, आणि तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तू तिथून शिफ्टमध्ये दहा वेळा जातोस. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलणारा येतो, मेंटेनन्सवाला येतो, क्वालिटीची मुलगी नग मोजायला येते, मॅनेजर राऊंडला येतात. इतक्यांच्या डोळ्यांखाली राहूनही चिंधी कुणालाच दिसली नाही. हेच तुमच्याकडचं आजचं सेफ्टी कल्चर, बाबा. कोऱ्या पाटीवर काही लिहायचं नाहीये. आधीचं पुसायचं आहे, आणि पुसायला वेळ लागतो.

तुला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं असेल तर शेजारी माझ्यासाठीही जागा ठेवावी लागेल. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मेंटेनन्सला होतो. पावसाळ्यात एका कन्व्हेयरचा बेल्ट सारखा सरकायचा. दर तासाला तो नीट करायचा, तर पुलीवरच्या जाळीचे चार बोल्ट दर वेळी कोण काढत बसणार? जाळी भिंतीला टेकवून ठेवली. ती तशी टेकलेली मी जवळजवळ तीन आठवडे पाहत होतो. मग एका हेल्परची बाही आत गेली, आणि बाहीबरोबर मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी. अहवालात 'अपघाताचे कारण' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं: कामगाराचे दुर्लक्ष. खाली सही माझी. तो कागद कुठल्या तरी फायलीत अजून असेल.

तुमच्या मॅनेजरांचे ८८ टक्के अशाच कागदांतून आलेत. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली हा आकडा मांडला. विम्याचे दावे आणि कारखान्यांतल्या नोंदी चाळून त्यांनी ठरवलं, की ८८ टक्के अपघात माणसाच्या कृतीमुळे, १० टक्के जागेच्या किंवा यंत्राच्या दोषामुळे आणि उरलेले २ टक्के टाळता न येणारे. पण त्या नोंदींचा मोठा भाग लिहिणारे होते तुझ्यामाझ्यासारखे सुपरवायझर. ज्याच्या हातात पेन, त्याची चूक कधी नसतेच. नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यावर पुष्कळ टीका केली, तरी ट्रेनिंगच्या स्लाइडवरून तो काही उतरत नाही. मालकाला तो सोयीचा पडतो, दुसरं काय.

आता थोडं तांत्रिक बोलू. तू फिटर आहेस, तुला हे मॅनेजरच्या आधी कळेल. दोन हातांच्या बटणांची जोडणी बरोबर असेल तर एक बटण बांधून प्रेस चालतच नाही. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा एक ठोका, सुटतो, आणि पुढच्या स्ट्रोकच्या आधी दोन्हींवरचे हात काढावेच लागतात. त्यासाठी वेगळा सेफ्टी रिले मिळतो. एक बटण कायम दाबलेलं राहिलं की हा रिले पुढचा स्ट्रोक देत नाही. तुमच्याकडे चिंधीने काम भागलं, म्हणजे बहुधा दोन साधी पुश बटणं एकापुढे एक जोडून दिली आहेत. ही खोट विजेच्या पॅनेलमध्ये होती, तो मुलगा गोव्यात यायच्याही आधीपासून.

उद्या ते पॅनेल उघडून बघ. मेन स्विच बंद करून, त्याला कुलूप घालून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून. (हे सांगावं लागू नये, पण सांगतो.) क्लच कसला आहे तेही बघ. जुन्या पिन-क्लचच्या प्रेसचा रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, एकदा सुटला की पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबत नाही. अशा प्रेससाठी कुणी लाइट कर्टन (हात आडवा आला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा) विकायला आला तर चहा पाजून परत पाठव. आत हात आहे हे यंत्राला कळलं तरी ते थांबणार कसं? तिथे डायभोवती पक्की जाळीच हवी, पत्रा सरकेल पण बोट शिरणार नाही एवढीच फट ठेवून. एअर क्लच मध्येच थांबवता येतो, तो असेल तर लाइट कर्टनचा विचार करता येईल.

पण मुळात हात डायमध्ये जातोच कशाला? लोखंडी पत्रा असेल तर चुंबकाची दांडी चालते. नाहीतर लांब चिमटा, किंवा नग घसरत डायवर जाऊन बसेल अशी उतरती पट्टी. तुमच्याच वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत होण्यासारखी कामं आहेत ही. हात आत जायची गरजच संपवणं पहिलं. ते जमत नसेल तर हात जाऊ न देणं. नियम, सूचना त्याच्या नंतर, आणि अंगावर घालायच्या वस्तू सगळ्यात शेवटी. तुमचे मॅनेजर नेमके शेवटून सुरुवात करतायत. प्रेसवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर काय कोसळणार आहे? बोटांना हेल्मेट बसत नाही. त्या पैशातून रिले मागून घे. उरले तर कानांसाठी मफ घे, प्रेसच्या आवाजाने हळूहळू बहिरी झालेली माणसं कुठल्याच फळ्यावर येत नाहीत. आणि हो, सेफ्टीच्या उत्साहात ड्रिल मशीनवाल्याला हातमोजे घालायला लावू नकोस. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की मागोमाग हात जातो. असा हुकूम काढणारे सेफ्टीवाले मी पाहिलेत.

चिंधी बांधली का गेली, याचं उत्तर मात्र पॅनेलमध्ये नाही, तुझ्या टार्गेटमध्ये आहे. आठ तासांतून जेवण आणि चहाची ४५ मिनिटं काढ. उरतात २६,१०० सेकंद. त्याला २,४०० नगांनी भाग. एका नगाला ११ सेकंदसुद्धा येत नाहीत. आता तू स्वतः त्या प्रेसवर बस, एखादा तास नाही, अख्खी शिफ्ट. दोन्ही बटणं नियमाने दाब आणि दुसऱ्याच्या हातात घड्याळ दे. समज, एका नगाला १३ सेकंद लागले. मग दिवसाचे दोन हजार होतात. वरचे ४०० नग चिंधीचे. ते तू रोज मोजून घेतोस, रजिस्टरमध्ये लिहितोस, आणि ठेकेदार त्यावर त्या मुलांचा हिशेब करतो. सहाव्या तासाला तुझे खांदे काय म्हणतात तेही लिहून ठेव. बटणं फार उंच किंवा फार लांब बसवलेली असली तर माणूस हात खाली ठेवायला काहीतरी युक्ती शोधतोच. हा कागद घेऊन मॅनेजरकडे जा. 'माणसं ऐकत नाहीत' हे वाक्य त्यानंतर तुझ्या तोंडी येणार नाही, असं मला वाटतं.

फळ्याबद्दल. कारखान्यातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मला त्या फळ्याची चीड जास्त आहे. ४ मार्च आला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे बिल्ले छातीला लागले, शपथ झाली, पेढे वाटले, आणि फळ्यासमोर फोटो. (४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून ती तारीख.) आकडा वाढला की बक्षीस ठेवतात, तिथेच घोळ होतो. कुणाचं बोट चेपलं तर तो स्वतःच हात फडक्यात गुंडाळतो, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा डबा, घड्याळ, बॅग जायला नको. असा फळा अपघात कमी करत नाही, अपघाताची बातमी कमी करतो. तुमच्याकडे तर सरळ खोटं चाललंय. अपघातामुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात सरकारला कळवावाच लागतो. १९४८च्या कारखाना कायद्यात हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामाच्या जागच्या सुरक्षेच्या नव्या संहितेतही आहे. दोन बोटं गेलेला मुलगा 'रजेवर' कसा असेल?

त्या जागी दुसरा फळा लाव. या महिन्यात कामगारांनी किती धोके दाखवले, त्यांतले किती दुरुस्त झाले, किती राहिले आणि कुणाकडे राहिले. पहिल्या महिन्यात एखाददुसराच धोका येईल. चाळीस आले तर घाबरू नकोस, खूश हो.

पण ते येतील कसे? आपल्याकडे कामाचा नारळ फुटण्याआधी गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला सगळं सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. तुमचा सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं, असाच चालत असणार. तू कागद वाचतोस, ते 'होय सर' म्हणतात, सही होते, पाच मिनिटांत सगळे मशीनवर. गाऱ्हाण्यात निदान राखणदार ऐकतो अशी श्रद्धा तरी असते. तुझ्यासमोरच्या ८० जणांत ओडिशाचे, झारखंडचे, उत्तर कर्नाटकातले किती? सूचना कुठल्या भाषेत लिहिल्या आहेत? 'समजलं का?' असं विचारलंस तर जगातला प्रत्येक नवा माणूस 'हो' म्हणतो. 'करून दाखव' म्हण. इमर्जन्सी बटण कुठे आहे ते हात लावून दाखवू दे. आणि पाच मिनिटांतली तीन त्यांची ठेव: काल कुठे हात वाचला, पाय घसरला, काय जवळून गेलं? पहिले आठ-दहा दिवस सगळे गप्प बसतील. बसू देत. तू तुझी जाळीची गोष्ट सांग. तुझी नसेल तर माझी सांग.

मग एक दिवस कुणीतरी मशीन थांबवेल. खरं काम त्या क्षणी सुरू होतं. पोस्टरवर काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. थांबवणाऱ्याला सुपरवायझर काय म्हणाला, ते चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शेडमध्ये पसरतं. तेव्हा तू धावत जा, पण नगांचं विचारू नकोस. काय दिसलं ते विचार. त्याच शिफ्टमध्ये दुरुस्त होत असेल तर कर. होत नसेल तर कधी होईल ते त्याला सांग, आणि त्या दिवशी कर. त्याचा समज चुकीचा निघाला, मशीन उगाच थांबलं, तरी सगळ्यांसमोर 'बरं केलंस' म्हण. तू एकदा, फक्त एकदा, वैतागून 'कशाला थांबवलंस रे' म्हणालास की पुढचं वर्षभर कुणी काही दाखवणार नाही. ठेकेदाराच्या माणसाला तर दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवणं इतकं सोपं असतं, की त्याने तोंड उघडलं यातच त्याची हिंमत कळते. मशीन थांबवल्याबद्दल कुणाचा रोज कापला जाणार नाही, एवढं ठेकेदाराकडून मॅनेजरसमोर वदवून घे.

आपल्या हवामानाच्या आणि सणांच्या दोन गोष्टी डोक्यात ठेव. पावसात वीज जाते-येते. चालू असताना बंद पडलेलं मशीन वीज आल्यावर आपोआप सुरू होतं का, हे प्रत्येक मशीनला तपास. वीज गेली की मशीन बंद करून ठेवणारी स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉईल कुणी दाबून ठेवलेली असते, कुणी तारेने टाळलेली असते. आत हात घालून अडकलेला नग काढणाऱ्याला त्याची कल्पना नसते. दुसरं, चवथीच्या आधीचा आठवडा. माल सोडायची घाई, निम्मी स्थानिक माणसं गावी गेलेली, आणि कालपर्यंत झाडू मारणारा मुलगा आज प्रेसवर. प्रेसवर कोण बसू शकतो त्यांची नावं आताच लिहून भिंतीला लाव. यादीत नाव नाही त्याने बसायचं नाही, ऑर्डर कुणाचीही असो.

खंडेनवमीला आम्ही एकदा एक खोडी काढली होती. ज्या मशीनचा गार्ड जागेवर नाही त्याला हार घालायचा नाही, असं मी जाहीर केलं. लोक हसले. पण एका लेथला हार मिळाला नाही, आणि त्या ऑपरेटरचं तोंड एवढंसं झालं. दसरा उलटून दोन दिवस झाले नाहीत तोच तो स्वतः जाळी वेल्ड करून घेऊन आला, आणि 'आता हार द्या' म्हणून उभा राहिला. बाकीच्या वर्षभरात मी जे बोललो त्यातलं फारसं कुणाला आठवत नसेल, हे आठवतं.

आता तुझ्या नोकरीचं. 'काही होणार नाही' असं सांगून मी मोकळा होणार नाही, होऊ शकतं. पण तुझ्या बाजूला काय आहे तेही बघ. १४० माणसांत पूर्णवेळ सेफ्टी ऑफिसर नेमायची सक्ती नाही. नव्या संहितेत ती ५०० पासून आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० पासून. म्हणून हे ओझं तुझ्या गळ्यात पडलं. जबाबदारी मात्र त्याबरोबर तुझ्याकडे आलेली नाही. कायद्याच्या कागदावर भोगवटादार, म्हणजे तुमचा पात्रांव (मालक), आणि फॅक्टरी मॅनेजर यांचीच नावं आहेत. भोगवटादारावरची ही सर्वसाधारण जबाबदारी १९८७ साली कायद्यात स्पष्ट घातली गेली, भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ मधल्या त्या रात्री टाकीतलं विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती, आणि गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेलाच नव्हता. कुणीतरी रोज ते बघत होतं. आकार सोडला तर तीही चिंधीच.

तर मॅनेजरकडे भांडायला जाऊ नकोस, कागद घेऊन जा. त्यात तारीख, प्रेसचा नंबर, पॅनेलमध्ये काय सापडलं, ११ सेकंदांचा हिशेब, रिलेची किंमत, आणि तोवर ती प्रेस बंद ठेवायची विनंती. भाषा मऊ ठेव: 'आपली आणि कंपनीची कायदेशीर अडचण होऊ नये म्हणून'. ईमेलने पाठव, प्रत स्वतःकडे ठेव. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी तोच मेल पुन्हा. गंभीर इजेचा धोका समोर दिसत असेल तर कामगार तो मालकाला आणि निरीक्षकाला दोघांनाही कळवू शकतो, हा हक्क कायद्यातच आहे. पणजीला आल्तिनोवर कारखाने व बाष्पके निरीक्षणालय आहे. लोक त्याच्याकडे फक्त दंडाच्या भीतीने बघतात, पण तिथे सुरक्षेचं प्रशिक्षणही मिळतं. मॅनेजरना म्हण, मला तिकडे पाठवा. सहसा नाही म्हणत नाहीत. आणि एक पथ्य: त्या मुलाच्या रजेच्या कागदावर, हजेरीवर, कुठेही तुझी सही मागितली तर करू नकोस. बाकी सगळं सांभाळून घेता येतं, आपली सही नाही. माझी अजून सांभाळली जात नाहीये.

आता त्या मुलाचं. हे आधी सांगायला हवं होतं, कारण इथे दिवस मोजलेले आहेत. त्याला रजेवर दाखवण्याचं सगळ्यात मोठं नुकसान फळ्याचं नाही, त्याचं आहे. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला ठेकेदाराचा माणूसही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतो. कामावर झालेल्या इजेत बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि बोटं गेल्याने कमाईची ताकद कायमची कमी झाली तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं, त्याप्रमाणे जन्मभर पैसे मिळू शकतात. पण त्यासाठी आधी कारखान्याने तो कामावरचा अपघात म्हणून कळवायला हवा. रजेवरच्या माणसाला कामावर अपघात होत नाही. त्याचा विमा क्रमांक अपघाताच्या आधीचा आहे ना, हेही बघ. काही ठेकेदार माणूस जखमी झाल्यावर नाव नोंदवायला धावतात.

तो सध्या कुठे राहतो ते शोध आणि ड्यूटी संपल्यावर जा. त्याच्या भाषेतला एक सहकारी बरोबर ने. इस्पितळाचे कागद, कार्ड, पगाराची पावती, जे असेल त्याचे फोटो काढून ठेव. कागद नीट करून त्याला मडगावच्या ईएसआय इस्पितळात घेऊन जा. प्रेसबद्दलही त्याला विचार, त्या बटणाचं त्याच्याइतकं तुमच्यात कुणालाच माहीत नाही. ठेकेदार अशा मुलांना थोडे पैसे हातावर ठेवून गावच्या गाडीत बसवून देतो. त्याचं तिकीट काढून झालं असेल तर हे वाचून संपल्यावर लगेच नीघ.